वजन किती?

पडदा काळाच राहिला. डाव्या कोपऱ्यात कर्सर तेवढा लुकलुकत होता.

परीक्षक त्सोलिंगर वाट बघत बसले. शेजारच्या खुर्चीत रेगुला बसली होती. पास्कल या संगणकाच्या भाषेची परीक्षा इथे अशीच असायची. प्रोग्राम तुम्ही लिहायचा, चालवायचा परीक्षकांनी, आणि त्यांची सही होईपर्यंत तुम्ही बोलायचं नाही, उठायचं नाही. बोलायचं ते प्रोग्रामने.

तिचा प्रोग्राम साधा होता. बाळाचं मागच्या आठवड्याचं वजन घ्यायचं, या आठवड्याचं घ्यायचं, किती वाढलं ते सांगायचं. वजन घ्यायला तिने ‘रीडलाइन’ लिहिलं होतं. त्याआधी ‘राइटलाइन’ने पडद्यावर प्रश्न छापायचा असतो, वजन किती म्हणून. तो राहिला होता. सरावात प्रोग्राम तीच चालवायची. काय टाइप करायचं ते तिला माहीतच असायचं. प्रश्न नाही, हे कधी जाणवलंच नाही.

सकाळी ट्रॅममध्ये नवऱ्याने, रेटोने, हसत हसतच बजावलं होतं. पास झालीस तर विमा कंपनीतल्या कामाला आपली हरकत नाही, नाहीतर यंत्राशी बोलायचं हे खूळ आजच बंद. नवऱ्याने हरकत घेतली, तर त्या काळी झ्युरिकमध्ये कायदाही त्याच्याच बाजूचा होता. आता तो बाहेर बाकावर त्यांच्या तान्ह्या उर्सीनाला मांडीवर घेऊन बसला होता.

त्सोलिंगरनी एंटर दाबलं. कर्सर एक ओळ खाली उतरला आणि तिथे लुकलुकू लागला. त्यांनी पुन्हा दाबलं. आणखी एक ओळ.

“अडकलाय तुमचा प्रोग्राम,” ते म्हणाले, “की रुसलाय?”

अडकला नव्हता तो. त्याला एक आकडा हवा होता, एवढंच.

दाराबाहेर उर्सीना रडायला लागली. आधी कुरकुर, मग टाहो. खुळखुळा वाजला, थांबला, पुन्हा वाजला.

“अगं बाई, काय हवंय तुला?” रेटोचा आवाज आला. “काही सांगशील की नाही?”

भूक. पहिल्या कुरकुरीलाच रेगुलाला कळलं होतं. ती खुर्चीच्या कडेवर सरकली. त्सोलिंगरनी पेनचं टोपण काढलं आणि तिच्याकडे न बघताच बोट ओठांवर ठेवलं.

ती बसून राहिली. ब्लाऊजवर दुधाची ओल हळूहळू पसरत गेली.