डाव्या हाताचं बटण

मोनाली पुन्हा ओढ्यात पडली.

टीव्हीच्या अर्ध्या पडद्यावर लाल अंधारी पसरली. उरलेल्या अर्ध्या पडद्यावर प्रेमराज पेटता टेंभा धरून काठावर उभा होता. मागच्या झाडीत काहीतरी घुरघुरलं.

"आबा, मला उठता येत नाहीये! तुम्ही उचला!" सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेली मोनाली ओरडली.

"तुले रोज सांगस, पाय देखीसन टाक!" प्रेमराजने लेकीवर डोळे वटारले.

खेळ जंगलाचा होता. दिवस मावळला की झाडांमागून भुतं बाहेर यायची, लांब हातांची, तोंड नसलेली. सोबत्यांनी मिळून लाकडं गोळा करायची, शेकोटी जागती ठेवायची, पडलेल्याला वेळेत उचलायचं. वेळ चुकली तर माणूस गेलाच, शिवाय महिनाभर खपून बांधलेली झोपडीही गेली. मोनाली हा खेळ धुळ्याच्या आत्येभावाबरोबर, स्वप्नीलबरोबर खेळायची. तो तिकडून त्याच्या घरून, ती इकडे पिंप्राळ्याहून. दोघांचं बोलणं स्पीकरवर चालायचं.

प्रेमराज त्यात ओढला गेला तो असाच. चोपड्याच्या एसटीवर ड्रायव्हर म्हणून त्याने उभी हयात काढली होती. हिवाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, डावा हात मात्र तसाच लोंबत राहिला. गिअर टाकणारा हात. डॉक्टर म्हणाले, हातात जीव आहे, वापरत राहा. प्रेमराजने व्यायामाचा रबरी चेंडू अंगणात भिरकावला. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या माणसाला दारातूनच परतवून लावलं. "लाकूड शे ते," एवढंच म्हणाला. जेवतानासुद्धा तो हात पंच्याखाली झाकून ठेवायचा.

पोरांचा खेळ तो खाटेवरून नुसता बघायचा. एका संध्याकाळी सहज म्हणाला, "त्या झाडमांगे कोनी तरी शे." आणि खरंच होतं. अंधाऱ्या रस्त्यावर बिनदिव्याची बैलगाडी लांबून हेरणारे डोळे ते. तेव्हापासून राखणीचं काम त्याच्याकडे आलं. मग मोनालीने त्याच्या मांडीवर एक रिमोट ठेवला. चालणं, टेंभा धरणं, सगळं तिने उजव्या हाताच्या बटणांवर आणून दिलं. फक्त पडलेल्याला उचलायला दोन बटणं लागायची. एक उजवीकडचं, एक डावीकडचं, दोन्ही एकदम दाबून धरायची. "ते काही बदलता येत नाही, आबा," ती म्हणाली होती. त्यामुळे उचलायचं काम स्वप्नीलचं.

"स्वप्नील! कोठे शे तू?"

"मामा, मी नदीपलीकडे अडकलोय," स्पीकरमधून आवाज आला. "माझ्यामागेही लागलेत. मला जमणार नाही. तुम्हीच उचला!"

"मन्हाकडथून नही व्हनार!"

मोनालीच्या नावाखालची पट्टी आक्रसत चालली होती. प्रेमराजने रिमोट गुडघ्याला टेकवून बघितला, कोपराने दाबून बघितला. रिमोट घसरून सोफ्यावर पडला. झाडी हलली. त्यातलं एक भूत बाहेर आलं आणि सावकाश ओढ्याकडे निघालं.

"आबा..."

तिचा आवाज चिरकला. खेळ आहे हे त्याला कळत होतं. पोरगी धडधाकट शेजारी बसलीय हेही दिसत होतं.  तरी त्याने उजव्या हाताने डावा हात उचलला, रिमोटवर ठेवला आणि त्याचं बोट बटणावर नेलं. उजवं बटण दाबलं. डावं बोट तसंच पडून राहिलं, परक्या माणसाचं असावं तसं.

"दाब," तो त्या बोटाला म्हणाला. "दाब ना रे!"

बोट थरथरलं. बटण खटकन खाली गेलं आणि लगेच सुटलं. ते तोंड नसलेलं आता मोनालीच्या डोक्याशी वाकलं होतं. प्रेमराजने दात आवळले. पुन्हा खटका वाजला. या वेळी बोट तिथंच राहिलं. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला, पण त्याने पापणी मिटली नाही.

पडद्यावरची मोनाली उठली. तिने त्याच्या हातातला टेंभा घेतला आणि समोरच्याच्या अंगात खुपसला. किंकाळी फुटली, झाडी मोडत लांब गेली.

खोली शांत झाली. प्रेमराजला धाप लागली होती. सवयीने त्याची नजर काठावरच्या झाडांवरून फिरली आणि एका खोडापाशी थांबली. खोडामागे उजेड होता. टेंभ्याचा.

"हाऊ स्वप्नील तर आठेच शे," तो म्हणाला. "नदीपलीकडे व्हता ना तू?"

 स्पीकरमधून स्वप्नील हळूच म्हणाला, "ताई, तूच सांग आता."

मोनालीने रिमोट खाली ठेवला. "माझा पाय घसरत नाही, आबा. रोज मीच उडी मारते. तुम्ही कधीतरी उचलाल म्हणून. आज स्वप्नीलला म्हटलं, काही झालं तरी पुढे येऊ नकोस."

"आनि ते बटण?"

"तेही बदलता येत होतं."

आवाज ऐकून स्वयंपाकघरातून उषा दारात आली. नवऱ्याचा चेहरा बघून तिथंच थांबली. याच्यापेक्षा लहान गोष्टीवरून त्याने घर डोक्यावर घेतलेलं तिने पाहिलं होतं. मोनाली मान खाली घालून बसली.

प्रेमराज आपल्या डाव्या बोटाकडे बघत होता. ते अजून बटणावरच होतं, बारीक थरथरत. उजव्या अंगठ्याने त्याने पडद्यावरचा आपला माणूस वळवला आणि पुन्हा ओढ्याच्या काठाशी नेऊन उभा केला.

"मार उडी," तो म्हणाला. "आनि त्या स्वप्नीलले आते खरंच नदीपलीकडे धाड."