भिंतीपलीकडची आयात

“आयातीत पहिला नंबर चीन,” स्पृहा डोळे मिटून घोकत होती. “निर्यातीत अमेरिका.” तलाठ्याची परीक्षा तोंडावर आली होती आणि बाभुळगावातल्या त्या घरात ओसरीपासून मोरीपर्यंत साऱ्या जगाचा व्यापार चालू होता.

तुरीच्या शेंगा सोलणाऱ्या तिच्या आजीचा, बेबीताईंचा, हात थांबला. “चीनसंगं तर आपलं भांडण आहे नं वं? मंग त्याचंच सामान काहून घेतो?”

“लागते म्हणून घेतो, आजी. भांडण आपल्या जागी, घेणंदेणं आपल्या जागी.”

बेबीताईंनी पुढची शेंग उचलली. भांडणाचं नाव निघालं की हल्ली त्यांची नजर आपोआप मधल्या भिंतीकडे जायची. पलीकडे बसंतीबाई राहत. दोघी या गावात सुना म्हणून आल्या तेव्हापासूनची मैत्री, आणि बेबीताईंच्या जिभेने ती एका झटक्यात घालवली होती. गावातल्या एका साखरपुड्याच्या पंगतीत, चार बायकांसमोर, त्या हसत बोलून गेल्या, “आमच्या बसंतीच्या भाजीत मीठ नसते, मिठात भाजी असते.” सगळ्या हसल्या. बसंतीबाई हसल्या नाहीत.

तेव्हापासून बेबीताईंनी काय कमी पाठवलं? पुरणपोळी पाठवली, वांग्याचं भरीत पाठवलं, संक्रांतीचे लाडू पाठवले. सगळं झाकलेलं तसंच परत आलं. बेबीताईंना रडू यायचं आणि तितकाच रागही यायचा. आणखी काय पाठवावं म्हणजे या बयेचं मन वळेल?

“दुसरा रशिया,” स्पृहाचं चालूच होतं.

“स्पृहा, नुसतं पाठवतच राह्यलं तं व्यापार होते का वं?”

“कसा होईल? समोरच्याचंही घ्या लागते नं.”

बेबीताई उठल्या. पदर खोचला, ओट्यावरची वाटी उचलली आणि अंगणातून थेट भिंतीशी गेल्या.

“बसंते! ओ बसंते! थोडं विरजण दे वं.” एवढी भीती त्यांना सासूचीही कधी वाटली नव्हती.

पलीकडे भांडी घासण्याचा आवाज थांबला.

“आजी, आपल्याकडे आहे नं दही!” स्पृहा ओसरीवरून ओरडली. “अख्खा गंज भरून आहे!”

बेबीताईंनी डोळे गच्च मिटले. संपलं सगळं.

तेवढ्यात भिंतीवरून एक ओला हात आला. त्याने वाटी घेतली आणि काठोकाठ भरून परत दिली. मागोमाग बसंतीबाईंचा चेहरा वर आला. डोळे भरलेले होते, ते पुसायचे कष्टही त्यांनी घेतले नाहीत.

“तुया घरी दही आहे, मले मालूम आहे,” त्या म्हणाल्या. “मले काही मांगाले इतके दिस कायले लावले?”