मटारची पिशवी

“बचावफळीत खेळून पोरगा एवढे गोल करतो, ते दिसतंच, ताई. घरात कसा आहे?” व्यावसायिक संघासाठी खेळाडू हेरणारा माणूस माझ्या स्वयंपाकघरात बसून विचारत होता. बर्फावरची हॉकी खेळायला आलेली परगावची पोरं आमच्याकडे घरोघरी राहतात. कोल्बी माझ्या वाट्याला आलेला. शनिवारी सामन्यात डोकं आपटल्यापासून तो पडदे ओढून, गोठलेल्या मटारची पिशवी उशाला घेऊन पडतो. “मावशी, कुणाला सांगितलंस तर संपलो मी,” म्हणाला होता. “गुणी आहे, ठणठणीत आहे,” मी म्हणाले. कोल्बीनं पाहुण्यापुढे कॉफी ठेवली. “साखर?” “नको.” थोड्या वेळानं पुन्हा, “साखर?” पाहुणा हसला. “नको रे बाबा, गोड तुलाच लखलाभ!” कोल्बीही हसला, डबा उचलून म्हणाला, “साखर?” मी उठले, फ्रीजरमधली पिशवी काढून टेबलावर ठेवली. मटारात त्याच्या डोक्याचा खळगा तसाच गोठलेला होता.