हात चुकेना

“वा! काय भाषा आहे!” नव्या साहेबांनी अर्ज संपवला आणि पुन्हा वरून वाचायला घेतला. “एक काना इकडचा तिकडे नाही. तुम्ही लिहिलंत हे? स्वतः?”

“हो साहेब,” रेकॉर्डकीपर म्हणाला, आणि खोकला. तळघरातल्या रेकॉर्ड रूममधून आपल्याला वरच्या मजल्यावर घ्यावं, एवढंच त्या अर्जात मागितलं होतं.

“मग तुम्हाला वर कशाला आणू? वर काय, कोणीही बसेल. कागदाची इतकी कदर असलेला माणूस खालीच हवा.” साहेबांनी समासात ‘नामंजूर’ लिहिलं आणि अर्ज कौतुकाने टेबलाच्या काचेखाली सरकवला. “हा राहू दे इथे. बाकीच्यांना दाखवता येईल.”

रेकॉर्डकीपर जिना उतरला. खाली खिडकी नव्हती. दिवसभर एक ट्यूब जळायची. भिंती ओलीने फुगलेल्या आणि छतापर्यंत नुसते गठ्ठे. सात वर्षं हा माणूस तिथे धूळ आणि बुरशी गिळत बसला होता. डॉक्टर दर खेपेला तेच बजावायचे, “माझ्या गोळ्यांनी काही व्हायचं नाही. आधी त्या तळघरातून बाहेर पडा, नाहीतर फुप्फुसं जातील.” सांगायला काय जातं? बाहेर पडणं त्याच्या हातात थोडंच होतं!

पहिला अर्ज त्याने सहा वर्षांपूर्वी दिला होता. आवक खिडकीवरच्या बाईंनी तो घेतला, वाचला आणि शेजारच्या टेबलाला दाखवला. “अहो, तुमच्यापेक्षा हा ‘आजारी’ शब्दच जास्त आजारी आहे की!” सगळं ऑफिस खो खो हसलं. त्याचे कान तापले. घरी जाऊन त्याने मुलीच्या दप्तरातून व्याकरणाचं पुस्तक काढलं, आणि आठवड्याच्या आत दुसरा अर्ज घेऊन खिडकीशी हजर.

“नवा आला की जुना रद्द होतो हं,” बाई म्हणाल्या.

“होऊ दे की!” त्याला तेच तर हवं होतं. तो लाजिरवाणा कागद कोणाच्या नजरेला पडायला नको होता. बाईंनी साहेबांकडून परत आलेल्या कागदांतून जुना अर्ज ओढला, न बघताच त्यावर शिक्का मारला आणि तो रद्द कागदांत टाकला. वर्ष संपलं की असे कागद बांधून खाली त्याच्याकडेच यायचे. बांधलेला गठ्ठा परवानगीशिवाय सोडायचा नाही, असा नियम होता, आणि हा नियमाला जपणारा माणूस.

त्या वेळचे साहेब त्याच महिन्यात निवृत्त झाले. पुढे साहेब येत गेले, जात गेले, उत्तर कोणाचंच आलं नाही. उत्तर आलं नाही की त्याला वाटायचं, अजून कुठेतरी चुकतंय. मग दर चार महिन्यांनी नवा अर्ज. खुर्ची बुटकी पडते म्हणून एक जाडजूड गठ्ठा बुडाखाली घेऊन तो लिहायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा. विभक्ती, प्रयोग, विरामचिन्हं, सगळं कोळून प्यायला. ऑफिसात त्याचं नाव पडलं ‘पंडित’. त्याला हसलेल्या बाई आता स्वतःची पत्रं त्याच्याकडून तपासून घ्यायच्या. बायको मात्र वैतागायची. “अहो, खोकला होतोय एवढंच सांगायचंय ना त्यांना? मग सांगून टाका की सरळ!” तो तिच्याही वाक्यातली चूक काढायचा.

आज नाकारला गेला तो एकोणिसावा अर्ज.

“चांगलं लिहितो म्हणून अडकवता काय?” तो रिकाम्या खोलीत ओरडला. “थांबा, वाईट लिहून दाखवतो!” कोरा कागद ओढला. पण हात चुकेना. ऱ्हस्व काढायला जावं तर बोटं आपसूक दीर्घाकडे वळायची. वाक्य मोडायला जावं तर ते आणखीच ठाकठीक व्हायचं. चार कागद फाडले, चारही निर्दोष. बिचारा घामाघूम झाला. तळघराला निदान दार तरी होतं. या हातातून सुटायचं कसं, हे त्याला कळेना.

मग त्याला आठवला तो पहिला अर्ज. तो शोधायचा आणि चुकांसकट जसाच्या तसा उतरवायचा! नियम गेला खड्ड्यात. त्याने त्या वर्षाच्या रद्द कागदांसाठी सगळ्या मांडण्या पालथ्या घातल्या. खोकून खोकून छाती भरून आली, पण गठ्ठा काही मिळेना. दमून तो धपकन खुर्चीत बसला आणि तसाच ताडकन उठला. गठ्ठा बुडाखाली होता. इतकी वर्षं तो त्याच्यावरच बसून लिहीत होता.

त्याने दोरी सोडली. बरेच कागद उलटल्यावर त्याचं ते वाकडंतिकडं अक्षर दिसलं. वर शिक्का होता, ‘रद्द. नवा अर्ज आला.’ शिक्क्याच्या खाली, समासात, निवृत्त झालेल्या साहेबांच्या हातची एक ओळ होती. तारीख शिक्क्याच्या आदल्या दिवसाची.

‘माणुस आजारि आहे. ऊद्यापासुन वर बसवावा. मंजुर.’

सवयीने त्याने आधी चुका मोजल्या. पाच भरल्या. मग काय लिहिलंय ते वाचलं.