गिऱ्हाइकाची गादी

“थांबलीस का? पानं चिकटलीत की काय?” खोळीतून दाभण ओढत आईने विचारलं.

आई दुकानात गाद्या भरायची आणि लेक दोऱ्यांच्या पेटीवर बसून वाचनालयातलं पुस्तक मोठ्याने वाचायची. आईचे हात गुंतलेले, पण कान मोकळे. आजवरच्या एकूण एक पुस्तकाला तिने नावं ठेवली होती. त्यातल्या मुलींचे बाप कप्तान नाहीतर प्राध्यापक. एकीच्याही नाकात कधी कापूस गेला नव्हता. “बरा वेळ मिळतो यांना उसासे टाकायला,” असं म्हणून आई पुढचा टाका घालायची.

आजचं पुस्तक मात्र गादीवालीच्या मुलीचं होतं. शाळेच्या फाटकाशी उभी राहून ती वेणीतला कापूस वेचते, हे ऐकलं तेव्हा आईचा हात थांबला. तिने ते पुन्हा वाचायला लावलं आणि ठसका लागेपर्यंत हसली. “अगं, ही तर आपलीच की!”

लेकीलाही काल असंच वाटलं होतं. वाचनालयात उभ्याउभ्याच तिने पुढची पानं वाचून काढली आणि पुस्तक चटकन मिटलं. गिऱ्हाइकाच्या गादीवर अंग टाकायचं नाही, हा घरातला कडक नियम. गादी हाताने दाबून बघायची आणि बांधून द्यायची, बस्स. पुस्तकातली मुलगी आई दोरा आणायला जाताच नव्याकोऱ्या गादीवर आडवी झाली होती. गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंसाठी भरलेल्या गादीवर हिनेही तेच केलं होतं. तेव्हापासून बाई रस्त्यात दिसल्या की ही आडोसा शोधायची.

दोन पानं एकदम उलटली असती तर आईला पत्ताही लागला नसता. पण आई आज पहिल्यांदाच पुस्तकात रमली होती. तिच्या वाटणीची पानं चोरायची लेकीला लाज वाटली.

तिने वाचलं. कोऱ्या खोळीचा वास, छताला लागलेले डोळे, आणि आपणही कधीतरी अशा गादीवर रोज झोपणारी बाई होऊ, हा त्या मुलीचा विचार. वाचताना तिने एकदाही मान वर केली नाही.

आईने दाभण खोळीत टोचून ठेवला.

“हे बाहेरच्याला सुचायचं नाही,” ती म्हणाली. “लिहिणारी गादीवाल्याच्याच घरातली असणार.”

“आई, मीपण,” लेकीला राहवलं नाही. “डॉक्टरीणबाईंची. पाचच मिनिटं.”

आईने मांडीवरचा कापूस झटकला.

“त्या पोरीला मार बसला का?” आईने विचारलं.

“नाही. तिच्या आईला कळलंच नाही.”

“कळलं असणार. पाठीचा खळगा राहतो गं. बांधायच्या आधी थोपटून सारखा करावा लागतो. डॉक्टरीणबाईंच्या गादीवरचा मीच केला.”

लेकीचा जीव भांड्यात पडला. तिला एकदम हसू फुटलं आणि रडूही.

आईने दाभण उचलला, दोरा ताणून बघितला.

“केवढी आहे ती, पुस्तकातली?”

“बारा वर्षांची.”

“मी नऊची होते,” आई म्हणाली. “वाच पुढे.”