यंत्राने ठरवलेला आस्तिक

जनगणनेत आता कुणाला धर्म विचारत नसत. कपाळाला पट्टी लावली की श्रद्धा आहे की नाही हे यंत्रच सांगे आणि मेल्यावर देहाची व्यवस्थाही त्याच नोंदीनुसार होई: आस्तिकाला अंत्यविधी, नास्तिकाचं देहदान.

वामनराव दिघे वारले तेव्हा देहदानाच्या गाडीऐवजी दारात अधिकारी आला, सोबत गुरुजी.

“आजी, यांची नोंद आस्तिक आहे. अंत्यविधी करावेच लागतील.”

त्यांच्या पत्नी वत्सलाबाई उसळल्या. “जन्मभर ह्यांनी देवाला हात जोडले नाहीत!”

“पट्टी लावली तेव्हा मेंदूत भक्ती दिसली होती.”

वत्सलाबाईंना ती सकाळ आठवली. त्या देवापुढे भूपाळी म्हणत होत्या आणि आजारी वामनराव पडल्या पडल्या डोळे मिटून ऐकत होते.

“अहो, ती देवाची भक्ती नव्हती. मी गात होते!”

“यंत्राला तेवढं कळत नाही.”

“मग माझं ऐका. मी रोज पूजा करते. माझ्या देवाला असा पळवून आणलेला भक्त नको!” त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

गुरुजींनी मान खाली घातली, पिशवी उचलली आणि ते जिना उतरले. मंत्र म्हणणारंच कुणी उरलं नाही, तेव्हा अधिकाऱ्याने चरफडत देहदानाची गाडी बोलावली.