तुल्लिओच्या दाराचं कुलूप

"स्क्रू गंजलाय," नझारेनो दारापाशी गुडघे टेकून म्हणाला.

"मग जोर लाव," एर्सिलिया म्हणाली. "कुलूप बदलल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

तिचा भाऊ तुल्लिओ गेला, त्याला काल मूठमाती दिली. घर बापाकडून त्याच्याकडे आलेलं. तिच्या हिशेबाने ते आता रक्ताच्या माणसाकडे यायला हवं होतं. पण आत बसला होता रेमो, तुल्लिओबरोबर वीस वर्षं राहिलेला. चौकातल्या भिंतीवर मृत्यूची पत्रकं लागली, त्यात दुःखितांमध्ये एर्सिलियाने त्याचं नाव मुद्दामच घातलं नव्हतं. तरी शेजारणींनी सुतकाच्या जेवणाची पातेली सख्ख्या बहिणीला सोडून ह्याच्या दारात आणली. तेव्हापासून तिच्या अंगाचा तिळपापड होत होता. नणंद कुठल्याही मुलखातली असो, शेवटी नणंदच.

एर्सिलिया विधवा. बारा वर्षं ती नझारेनोच्या घरात राहत होती. पण दुसरं लग्न केलं तर पहिल्या नवऱ्याची पेन्शन बंद झाली असती. म्हणून लग्न नाही, आणि सरकारदरबारी पत्ताही जुनाच. पाद्रीबाबांनी याकडे सोयीस्कर काणाडोळा केला होता.

रेमो दारात आला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली.

"संध्याकाळच्या आत सामान बांध," ती म्हणाली.

"कुणाच्या हुकमाने? महापौरासमोर जोडीदार म्हणून सह्या केल्यात आम्ही."

"ते लग्न नव्हतं."

"नव्हतंच. तुम्ही लोकांनी चौकात बोंबा मारल्यात, म्हणून सरकारने 'लग्न' हे नाव तेवढं तुमच्यासाठी राखून ठेवलं. बाकी हक्क जवळजवळ सगळे आम्हाला दिले. या घराचे दोन हिस्से माझे, तिसरा तुमचा. आणि मरेपर्यंत इथे राहायचा हक्क माझा."

"थापा मारतो मेला. नझारेनो, तू थांबलास का? काढ ते कुलूप."

नझारेनोने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"थापा नाहीत. वारसाचे कागद करतो त्या नोटरीनेही सांगितलं, सह्या केलेल्यांना हे सगळं मिळतं."

"नोटरीने? तू कशाला गेला होतास तिकडे?"

"हिवाळ्यात छातीत दुखलं होतं ना माझ्या, तेव्हा गेलो होतो. आपल्या दोघांचं विचारायला."

एर्सिलियाने रेमोकडे पाहिलं. तो हसला असता तर तिला बरं वाटलं असतं, भांडायला काहीतरी मिळालं असतं. तो हसला नाही.

"मग काय म्हणाला नोटरी?"

नझारेनो गुडघ्यावर हात टेकवून हळूहळू उभा राहिला.

"म्हणाला, लग्न नाही, सही नाही, पत्तासुद्धा एक नाही. मी डोळे मिटले की पहिल्या बायकोपासूनचे माझे पोरगे आपल्या दाराचं कुलूप बदलतील, आणि बाहेर उभ्या राहिलेल्या तुला बोलायला तोंड नसेल."